कार्डांचा मेळा आणि परिग्रहाची मर्यादा

मुलाकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांकडून अलीकडे एक नवीच गोष्ट ऐकावयास मिळते. एरवी नऊच्या आत अंथरूण न सोडणारा नातू शनिवारी पहाटे उठतो, चाकांची एक लहान बॅग ओढत नेऊन गाडीत ठेवतो आणि वडिलांना घेऊन दोन-तीनशे किलोमीटर दूरच्या गावी निघतो. बॅगेत कपडे नसतात, पुस्तकेही नसतात. खेळाडूंची चित्रे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे असतात आणि त्यातील प्रत्येक तुकडा दागिन्यासारखा पारदर्शक आवरणात जपून ठेवलेला असतो. संध्याकाळी परत आल्यावर नातू त्यातला एक तुकडा कौतुकाने पुढे करतो. त्याची किंमत ऐकून आजोबांचा घास हातातच राहतो.

या तुकड्यांना तिकडे ‘स्पोर्ट्स कार्ड’ म्हणतात आणि ती जेथे विकली जातात त्या मेळ्यांना ‘कार्ड शो’. हा छंद आहे, व्यापार आहे की जुगार आहे? आणि परिग्रहाचे परिमाण करावे असे लहानपणापासून ऐकत आलेल्या घरात हजारो कार्डे साठू लागली, तर वडीलधाऱ्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? हे प्रश्न आता आपल्या समाजातील परदेशस्थ कुटुंबांपुढे उभे आहेत. त्यांचे उत्तर देण्यापूर्वी हा विषय नीट समजून घेणे इष्ट ठरेल.

तंबाखूच्या पाकिटातून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचे मऊ पाकीट चेपू नये म्हणून उत्पादक त्यात जाड कागदाचा एक तुकडा घालीत. कोऱ्या तुकड्याऐवजी त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. नट्या, राजे, पक्षी, झेंडे आणि खेळाडू अशा मालिका निघू लागल्या. अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे आली, ब्रिटनमध्ये क्रिकेटपटूंची. ब्रिटिश सिगारेट कंपन्यांच्या अशा चित्रांत आपले रणजितसिंहजीही आढळतात.

या व्यवहारातील सर्वांत प्रसिद्ध कार्ड याच काळातले आहे. १९०९ ते १९११ या वर्षांत अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक कार्डांची एक मालिका काढली. तीत पिट्सबर्ग संघाचा होनस वॅग्नर हा नामवंत खेळाडू होता. परंतु त्याच्या कार्डाची छपाई फार लवकर थांबली. लहान मुले तंबाखूच्या पाकिटांमागे लागावीत हे त्याला रुचले नाही, असे एक कारण सांगितले जाते; चित्राचा मोबदला मिळाला नाही म्हणून त्याने नकार दिला, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू खात असे, म्हणून पहिल्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण कोणतेही असो, आज त्या कार्डाच्या पन्नास-साठच प्रती ज्ञात आहेत. २०२२ मध्ये त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि गिऱ्हाईक म्हणून थेट मुलेच समोर आली. बोस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ मध्ये २४० क्रमांकांची मालिका काढली. त्यातील १०६ क्रमांकाचे कार्ड तिने मुद्दामच छापले नाही. मालिका पूर्ण होत नाही म्हणून मुले पाकिटामागून पाकीट विकत घेत राहिली. तक्रारी झाल्यावर पुढच्या वर्षी नॅप लाजॉय या जुन्या खेळाडूचे ते कार्ड छापले गेले आणि ज्यांनी पत्र लिहून मागणी केली त्यांना ते पाठविण्यात आले. अपुरेपणाची बोचणी लावून माल खपविण्याची युक्ती किती जुनी आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने बाजार काबीज केला. तिच्या साय बर्गर या अधिकाऱ्याने आपल्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून सहकाऱ्याबरोबर १९५२ ची मालिका सजविली. रंगीत चित्र, संघाचे चिन्ह, मागे खेळाडूची आकडेवारी हे आजच्या कार्डाचे रूप तेथेच निश्चित झाले. त्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. शिल्लक मालाने गोदामाची जागा अडविली होती. अखेर १९६० मध्ये बर्गर यांनी पेट्याच्या पेट्या अटलांटिक समुद्रात नेऊन बुडविल्या. ज्या भागातील कार्डे बुडाली त्यातच मिकी मँटल या खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड होते. आज लिलावात सर्वांत अधिक चर्चा होते ती या कार्डाची.

आपल्याकडेही हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. ज्यांची मुले आज अमेरिकेत कार्डे जमवितात त्यांपैकी अनेक वडिलांनी लहानपणी ‘बिग फन’ बबलगमच्या पाकिटातील क्रिकेटपटूंची चित्रे जमविली होती आणि त्यांवरील धावा व बळी मोजले होते. कदाचित म्हणूनच नातवाला गाडीत घालून नेणारा बाप त्याच्याहून अधिक उत्साही दिसतो.

मेळ्यांचा विस्तार

कार्डे जमविणारी प्रौढ मंडळी प्रथम पत्रांतून परस्परांना याद्या पाठवीत. १९७० च्या सुमारास ती एकत्र जमू लागली, आधी कोणाच्या घरी आणि मग हॉटेलच्या सभागृहात. १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. आता ते दरवर्षी उन्हाळ्यात बहुधा शिकागोजवळच्या रोझमाँट येथे, कधी क्लीव्हलँड वा अटलांटिक सिटी येथे भरते आणि पाच दिवस चालते.

परंतु या व्यवहाराचा खरा प्राण प्रादेशिक मेळ्यांत आहे. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळील चँटिली, फिलाडेल्फियाच्या परिसरातील ‘फिली शो’, टेक्सासमध्ये डॅलसजवळचे ॲलन, कॅनडात टोरांटो अशा ठिकाणी वर्षातून ठरावीक वेळा दोन-तीन दिवसांचे मेळे भरतात. यांखेरीज लहान गावांत शाळेच्या वा अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये पन्नास-साठ टेबलांचे मेळे होतात ते वेगळेच. आपल्या आठवडी बाजाराप्रमाणे त्यांचेही एक वेळापत्रक असते. विक्रेते एका गावाहून दुसऱ्या गावी फिरतात आणि त्यांच्यामागून निष्ठावंत संग्राहकही.

आत शिरल्यावर प्रथम दिसतात त्या टेबलांच्या लांबच लांब रांगा. विक्रेता आयोजकाला टेबलाचे भाडे देतो, प्रेक्षक थोडे प्रवेशशुल्क देतात. टेबलावर काचेच्या पेटीत मौल्यवान कार्डे मांडलेली असतात आणि बाजूला पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यांत प्रत्येकी एक डॉलर किमतीची हजारो कार्डे उभी लावलेली असतात. या खोक्यांपुढे ओणवे होऊन तासन् तास बोटांनी कार्डे चाळणाऱ्यांची गर्दी असते. एका कोपऱ्यात निवृत्त खेळाडू शुल्क घेऊन स्वाक्षऱ्या देत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात कार्डांची प्रत ठरविणाऱ्या कंपन्या तपासणीसाठी कार्डे स्वीकारीत असतात. संध्याकाळी हॉल बंद झाल्यावर जवळच्या हॉटेलात अदलाबदलीची बैठक भरते. तेथे टेबलाचे भाडे नाही की पावती नाही. मांडीवर पेटी उघडून माणसे समोरासमोर बसतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या कुटुंबांना डबा बरोबर न्यावा लागतो. हॉलमधील उपाहारगृहात हॉट डॉग आणि पिझ्झा यांपलीकडे फारसे काही मिळत नाही, हेही जाता जाता सांगितलेले बरे.

प्रवासी संग्राहकाची तयारी

जाणता संग्राहक रिकाम्या मनाने मेळ्याला जात नाही. त्याच्या खिशात हव्या असलेल्या कार्डांची यादी असते. कोणती मालिका, कोणता क्रमांक, कोणत्या अवस्थेतील प्रत आणि अधिकात अधिक किती किंमत, हे सारे घरीच लिहिलेले असते. अशी यादी असलेला मनुष्य चार तासांत संपूर्ण हॉल पाहून समाधानाने बाहेर पडतो. यादी नसलेला मनुष्य पहिल्याच रांगेत पैसे संपवितो.

यादीबरोबर काही साधने असतात: जवाहिऱ्याचे भिंग, लहान मोजपट्टी आणि जंबुकिरणांचा छोटा दिवा. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. खऱ्या छपाईत आणि नकलेत त्यांची रचना वेगळी असते. मोजपट्टीने आकार पाहतात. १९५७ पासून टॉप्सच्या कार्डाचा आकार अडीच इंच बाय साडेतीन इंच असा ठरून गेला आहे आणि त्याहून किंचित लहान भरणारे कार्ड कडा कापलेले असू शकते. दिव्याचा उपयोग जुन्या कार्डांसाठी होतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारानंतर प्रचारात आली. म्हणून १९१० सालचे म्हणून दाखविलेले कार्ड अंधारात या दिव्याखाली निळसर चमकले, तर ते त्या काळचे नव्हे हे निश्चित.

कार्ड हातात घेण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी, कडांना धरावे, आवरणातून स्वतः काढू नये, दुसऱ्याचे बोलणे चालू असताना मध्ये किंमत सांगू नये, असे अलिखित संकेत आहेत. लहान मुले हे संकेत मोठ्यांकडे पाहून शिकतात. अनोळखी प्रौढ माणसाशी नम्रपणे बोलणे, भाव विचारणे, परवडत नसेल तर आभार मानून पुढे जाणे, दिलेला शब्द न फिरविणे, हे शिक्षण शाळेत क्वचितच मिळते. या मेळ्यांच्या बाजूने बोलायचे तर हा त्यांचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

भाव आणि विश्वास

पूर्वी कार्डाचा भाव विक्रेता सांगेल तो असे. सांख्यिकीचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी विक्रेत्यांकडून आणि संग्राहकांकडून किमती गोळा करून १९७९ मध्ये भावांचे पुस्तक काढले आणि १९८४ पासून मासिक सुरू केले. भाव छापील झाले, तेव्हा छंदाचा बाजार झाला. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. तेच कार्ड मागील आठवड्यात ऑनलाइन लिलावात कितीला गेले, हे क्षणात समजते आणि घासाघीस त्या आकड्यापासून सुरू होते. रोख रक्कम देणाऱ्याला थोडी सवलत मिळते, एकदम पाच-सहा कार्डे घेणाऱ्याला अधिक मिळते.

अवस्थेचा प्रश्न मात्र मोबाइलने सुटत नाही. कोपरा किंचित दुमडलेला असला तरी किंमत निम्म्याहून खाली येते. यातून प्रत ठरविणाऱ्या त्रयस्थ कंपन्या निघाल्या. त्यांतील पीएसए ही प्रमुख कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. कार्ड तपासून त्याला १ ते १० यांपैकी अंक द्यायचा आणि ते कठीण प्लास्टिकच्या सीलबंद चौकटीत बसवायचे, अशी तिची पद्धत. बँकेत दागिने तारण ठेवताना सराफाचा दाखला लागतो, तसाच हा प्रकार.

परंतु दाखला देणाराही चुकू शकतो. १९९१ मध्येच वॅग्नरचे एक अत्यंत स्वच्छ कार्ड लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेले. आइस हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झ्की हा खरेदीदारांपैकी एक होता. याच कार्डाला पीएसएचा पहिला दाखला मिळाला आणि ८ अंक मिळाले. पुढे २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. ते पूर्वी ज्याच्या हातून विकले गेले होते त्या विक्रेत्याने पुढे मोठे लिलावगृह चालविले, आणि २०१३ मध्ये न्यायालयात त्याने कबूल केले की कडा सुबक दिसाव्यात म्हणून आपण ते कार्ड कापले होते. लिलावांतील इतर गैरव्यवहारांसह झालेल्या या खटल्यात त्याला कारावास झाला. कापणी किती, तर सुताएवढी. तेवढ्यासाठी त्याने आयुष्यभराची पत घालविली. सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते व्यापाऱ्याच्या घरी कशासाठी सांगितली आहेत, हे समजावून देण्यासाठी यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

जमाखर्चाची बाजू

मँटलच्या ज्या कार्डाचा उल्लेख वर आला त्याची एक उत्तम प्रत १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेळ्यात ५० हजार डॉलरला विकली गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तीच प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना गेली. तो त्या वेळचा उच्चांक होता. ३१ वर्षांच्या या वाढीचा चक्रवाढ दर काढला तर तो वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास येतो. मुले हे उदाहरण आईवडिलांना ऐकवितात आणि आईवडील निरुत्तर होतात.

त्यांनी दुसरे उदाहरणही ऐकावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत असाच समज पसरला की कार्डे म्हणजे मुलांच्या उच्च शिक्षणाची तरतूद. कंपन्यांनी मागणी पाहून अफाट छपाई केली आणि लोकांनी पेट्या न उघडताच माळ्यावर ठेवल्या. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉलची अंतिम स्पर्धाच रद्द झाली आणि त्याच सुमारास कार्डांचा बाजारही कोसळला. त्या काळातील कितीतरी बंद पेट्या आजही मेळ्यांत मूळ किमतीच्या आसपास मिळतात. तीस-पस्तीस वर्षांची महागाई लक्षात घेतली तर मुद्दलाचाही मोठा भाग बुडाला. जी वस्तू दुर्मीळ आहे म्हणून सर्वांनी जपली, ती सर्वांनी जपल्यामुळेच दुर्मीळ राहिली नाही.

आता प्रवासी संग्राहकाचा साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका मेळ्यासाठी पेट्रोल, टोल, प्रवेशशुल्क, जेवण आणि एका रात्रीचे हॉटेल मिळून २२० डॉलर खर्च झाला आणि ५०० डॉलरची कार्डे घेतली. एकूण गुंतवणूक ७२० डॉलर. ही कार्डे पुढे विक्रेत्याला विकली आणि त्याने बाजारभावाच्या ७५ टक्के दिले, तर ७२० डॉलर परत मिळण्यासाठी त्यांचा बाजारभाव ९६० डॉलर व्हायला हवा. म्हणजे माल जवळजवळ दुप्पट भावाचा झाला तेव्हा कोठे मुद्दल सुटले. शिवाय कार्डावर व्याज नाही, लाभांश नाही. विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि नफा झालाच तर अमेरिकन कायद्यानुसार संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. तेव्हा प्रवास हा आनंदाचा खर्च समजावा. त्याला गुंतवणूक हे नाव देऊ नये.

याहून गंभीर गोष्ट पाकिटे उघडण्याची. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी या छंदात पुन्हा इतकी गर्दी केली की २०२१ मध्ये पीएसएला काही काळ नवीन कार्डे स्वीकारणे थांबवावे लागले. टार्गेट या मोठ्या दुकानमालिकेनेही विस्कॉन्सिनमधील एका दुकानाबाहेर कार्डांवरून झालेल्या हाणामारीनंतर दुकानांतील विक्री काही काळ बंद केली. याच काळात ‘ब्रेक’ नावाचा प्रकार फोफावला. विक्रेता महागडी पेटी कॅमेऱ्यासमोर उघडतो. लोक आधीच पैसे भरून एकेका संघावर हक्क सांगतात. आपल्या संघाचे दुर्मीळ कार्ड निघाले तर लाभ, नाही तर हाती काहीच नाही. येथे कार्डाचे ज्ञान लागत नाही, खेळाचेही लागत नाही. सप्तव्यसनांत द्यूत प्रथम का सांगितले आहे, हे अशा वेळी मुलाला शांतपणे समजावून सांगावे. यादी घेऊन मेळ्यात फिरणारा मुलगा आणि रात्री पडद्यासमोर बसून पेटी उघडण्याची वाट पाहणारा मुलगा, दोघेही कार्डेच जमवितात. पण त्यांना एका मापाने मोजू नये.

आणखी एका बाबीकडे आपल्या घरांनी विशेष लक्ष द्यावे. १९९९ मध्ये अपर डेक कंपनीने बेब रूथ या महान खेळाडूची एक बॅट कापून तिचे तुकडे कार्डांत बसविले आणि तेव्हापासून अशा कार्डांना मोठी मागणी आली. बॅटचे लाकूड वा सदऱ्याचे कापड असेल तर हरकत नाही, परंतु काही कार्डांत चामड्याच्या हातमोज्याचा तुकडाही असतो. विकत घेण्यापूर्वी तुकडा कशाचा आहे हे वाचून घ्यावे.

ज्याने सारे देऊन टाकले

या क्षेत्राचा आदिपुरुष म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, तो जेफरसन बर्डिक हा श्रीमंत नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरी विजेची उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यात तो सुटे भाग जोडण्याचे काम करी. संधिवाताने त्याची बोटे आणि सांधे आखडत गेले होते. तरीही त्याने आयुष्यभर जाहिरातींची चित्रे, शुभेच्छापत्रे आणि कार्डे जमविली, त्यांचे वर्गीकरण केले आणि सूची प्रसिद्ध केली. तंबाखूच्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर आणि पुढे क्रमांक, ही त्याचीच पद्धत. वॅग्नरच्या मालिकेला आजही सारे जग ‘टी २०६’ म्हणते ते त्यामुळेच. त्या वॅग्नरच्या कार्डाची किंमत त्याच्या सूचीत ५० डॉलर होती.

आपला संग्रह कोठे तरी अखंड राहावा आणि लोकांना पाहता यावा, या इच्छेने बर्डिकने तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला विनामूल्य दिला. तीन लाखांहून अधिक नग होते आणि त्यांत सुमारे तीस हजार बेसबॉलची कार्डे होती. नुसते देऊन तो थांबला नाही. पुढे कितीतरी वर्षे तो संग्रहालयात येऊन बसत असे आणि दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड मोठ्या वह्यांत चिकटवीत असे. जानेवारी १९६३ मध्ये शेवटची वही पूर्ण झाली. तो रुग्णालयात दाखल झाला आणि मार्चमध्ये त्याचे निधन झाले. बाजाराच्या दृष्टीने वहीत चिकटविलेले कार्ड खराब झालेले असते. त्याच्या वह्यांतील कार्डे मात्र अभ्यासकांना आजही पाहता येतात.

आपल्या महाराष्ट्रात दिनकर केळकर यांनी असेच केले. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, भांडी जमविली आणि तो सारा संग्रह बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभारलेल्या पुण्यातील संग्रहालयासह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. आज तो संग्रह केळकरांच्या घरचा नाही आणि म्हणूनच सर्वांचा आहे.

जैन शास्त्रकारांनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची संख्या सांगितली नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे. या कसोटीवर एका कार्डासाठी झोप गमावणारा मनुष्य मोठा परिग्रही ठरेल. श्रावकाला सर्वस्वाचा त्याग सांगितलेला नाही, परिमाण सांगितले आहे. गुणव्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा. पूर्वजांनी ही व्रते सांगितली तेव्हा कार्डांचे मेळे नव्हते; पण फिरणाऱ्या आणि जमविणाऱ्या माणसाचा स्वभाव त्यांनी नीट ओळखला होता.

तेव्हा घरातील मुलाला हा छंद असेल तर तो बंद करण्याची घाई करू नये. त्याच्याबरोबर बसून परिमाण ठरवावे. वर्षातून इतकेच मेळे आणि गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल इतकेच अंतर. इतकीच रक्कम आणि तिचा हिशेब त्याने स्वतः वहीत लिहायचा. एकच मालिका वा एकच संघ घ्यायचा. कपाटातील एकच खण आणि तो भरला की नवे आणण्यापूर्वी जुने काढायचे. पेटी फोडण्याच्या खेळात पैसे घालायचे नाहीत. जास्तीची साधी कार्डे पर्युषणात वा दशलक्षण पर्वात, नाही तर वाढदिवसाला, रुग्णालयातील वा शाळेतील मुलांना वाटायची. जे मूल दहा वर्षांचे असताना आवडते कार्ड दुसऱ्याच्या हातावर ठेवू शकते, त्याला मोठेपणी दान म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

आणि पुढच्या शनिवारी नातवाने ती बॅग उघडली, तर आजोबांनी किंमत विचारण्याची घाई करू नये. चित्रातील खेळाडूकडे बोट दाखवून “हा कोण रे?” एवढेच विचारावे. ज्याने खेळाडूचा जन्म, संघ, धावा आणि दुखापती यांची कहाणी तासभर सांगितली, तो नातू संग्राहक आहे. त्याची काळजी नको. ज्याने फक्त डॉलरचा आकडा सांगितला, त्याच्यासाठी मात्र आजोबांनी वेळ काढावा आणि पुढच्या मेळ्याला स्वतः त्याच्याबरोबर जावे.